हँडल थरथरतंय, पुढचं चाक डुलतंय : कोल्हापुरातल्या दुचाकीस्वारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यमनगरात गाडी लावायची, "मेस्त्री, हँडल हलतंय, बघा जरा" म्हणायचं आणि चहाला जायचं. परत येईपर्यंत कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं तो फ्रेमच्या डोक्यातला बेअरिंगचा सेट) टाइट झालेला असतो. कधी कधी तेच बरोबर असतं. पण बरेचदा दोष टायरात, बेअरिंगमध्ये किंवा चक्क मागच्या चाकात असतो. हँडल फक्त तो हाताला कळवतं. म्हणून इथे पान्याआधी निदानाला जास्त जागा दिली आहे. मांडणी रोजच्या वापराच्या १०० ते २०० सीसी गाड्या आणि बुलेट डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. गाडीगणिक बदलणाऱ्या आकड्यांसाठी तुमच्या गाडीचं मॅन्युअलच खरं.

हँडल हलतंय एवढं पुरेसं नाही का? कधी हलतं याने काय फरक पडतो?

सगळा फरक त्यानेच पडतो. ठरावीक वेगालाच थरथर येते आणि वेग वाढवला की जाते, असं असेल तर आधी टायर, बॅलन्स आणि रिम बघा. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर डिस्क किंवा ड्रम. खड्ड्यात पुढचं चाक पडल्यावर हँडलच्या मुळाशी 'टक' असा आवाज येत असेल तर कोनसेट सैल. गाडी सरळ धरूनही एका बाजूला ओढत असेल तर फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन पाय) पिळलाय किंवा मागचं चाक तिरकं बसलंय. आणि हायवेला वेग वाढल्यावर हँडल शांत, पण अख्खी गाडी कमरेपासून डुलत असेल, तर पुढे हात लावूच नका, मागून सुरुवात करा.

गॅरेजला जाण्याआधी हे स्वतः नोंदवा: वेग किती होता, ब्रेक लावला होता का, मागं कोण बसलं होतं का, रस्ता कसा होता. फुलेवाडी-कळंबा रिंगरोडला पहाटे रहदारी नसताना एक फेरी मारली तरी यातलं बहुतेक कळतं.

थरथर नेमकी चाळीस ते सत्तरच्या मध्येच का येते?

कारण चाकाच्या फिरण्याचा आणि हँडलच्या डुलण्याचा ताल तिथे जुळतो. हँडल, फोर्क आणि पुढचं चाक मिळून जो भाग डावीकडे-उजवीकडे फिरतो, त्याची हलण्याची स्वतःची एक गती असते. मोटरसायकलींना ती साधारण सेकंदाला ४ ते १० वेळा इतकी भरते. आता १८ इंची चाकाचा टायरसकट घेर सुमारे १.९ मीटर धरा. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून थोडी जास्त पळते, म्हणजे चाक सेकंदाला जवळपास ९ फेरे घेतं. टायर एका जागी जड असेल किंवा रिम आऊट, म्हणजे वाकडी, असेल तर प्रत्येक फेऱ्याला एक धक्का बसतो. धक्क्यांचा वेग आणि हँडलची मूळ गती जवळ आली की एरवी कळणारही नाही इतका दोष हाताला झिणझिण्या आणतो. ऐंशीला तोच दोष गप्प बसतो, पण गेलेला नसतो.

यातूनच दुसरी गोष्ट कळते. धक्का देणारी वस्तू वेगळी आणि थरथर वाढू देणारी वेगळी असू शकते. टायर थोडा असमान झिजलाय आणि कोनसेटही किंचित सैल आहे, अशी जोडी फार दिसते. एकच दुरुस्त केलं की थरथर कमी होते, जात नाही, आणि मग मेस्त्रीच्या नावानं बोटं मोडली जातात.

स्कूटरला तर चाळीसलाच होतं.

हिशेब तोच. जुन्या १० इंची चाकाच्या स्कूटरचा घेर जेमतेम १.३५ मीटर, त्यामुळे चाळीसच्या वेगालाच चाक सेकंदाला आठेक फेरे घेतं. शिवाय स्कूटरचं वजन मागे, पुढचं चाक हलकं. तपासणीचा क्रम मात्र मोटरसायकलचाच.

सुरुवात कुठून करायची?

हवेपासून. यात कमीपणा काही नाही. बऱ्याच १००-१२५ सीसी गाड्यांना पुढे २५ पीएसआय आणि एकट्याला मागे २८-२९ च्या आसपास हवा लागते, मागं माणूस बसला की मागची बरीच वाढवावी लागते. नेमका आकडा चेनकव्हरवर, चिमट्यावर (मागचं चाक धरणारा दांडा) किंवा मॅन्युअलमध्ये असतो. तपासणी टायर थंड असताना करायची. शिरोलीहून कागलपर्यंत गाडी मारून लगेच मोजली तर आकडा चढलेला दिसणार.

पुढे हवा कमी असली की टायरची बाजू लिबलिबीत होते आणि हँडल जड होऊन डुलायला लागतं. पंपावर "टाका तीस-चाळीस" म्हणून दोन्हीकडे सारखीच भरून घेणं तितकंच वाईट. स्वतःचं प्रेशर गेज घ्या. गाडीवर उगाच लावलेल्या स्टिकरांच्या खर्चात येतं.

त्यानंतर चाक धुवा. ऊसपट्ट्यातल्या पाणंदीतून येणाऱ्या गाड्यांच्या रिमला आतून चिखल चिकटून वाळतो, तोही एकाच बाजूला. केवळ त्या गाळानं साठच्या वेगाला थरथरणाऱ्या गाड्या असतात, आणि पाण्याच्या फवाऱ्यानं बऱ्या होतात.

टायर बघायचा म्हणजे काय बघायचं? नक्षी तर आहे अजून.

नक्षी किती उरली यापेक्षा ती कशी झिजली ते बघा. पुढच्या टायरवरून तळहात आधी एका दिशेनं आणि मग उलट दिशेनं फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं, तर टायर खवले पडून झिजलाय. हवा सतत कमी ठेवणं आणि फोर्क मऊ पडणं ही त्याची नेहमीची कारणं. असा टायर बॅलन्स करूनही शांत होत नाही, बदलावा लागतो.

बाजूच्या भिंतीवर कुठे फुगवटा आलाय का बघा. आला असेल तर आतल्या दोऱ्या तुटल्यात. त्या टायरवर गाडी घरापर्यंतसुद्धा सावकाश न्या. शेवटी भिंतीवरचे चार आकडे वाचा: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. महिनोन्महिने दारात उभ्या असलेल्या गाडीचा टायर नक्षी शाबूत असतानाच कडक होतो, जमिनीवर टेकलेल्या जागी चपटा बसतो आणि भिंतीला बारीक भेगा पडतात.

नवा टायर टाकला त्या दिवसापासूनच सुरू झालं. टायर खराब निघाला का?

असू शकतं, पण आधी बसवणं तपासा. टायरच्या कडेला रिमलगत एक बारीक रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी आत बुडालेली असेल तर टायर नीट बसलेला नाही: हवा काढा, कडेला साबणाचं पाणी लावा, पुन्हा भरा. भिंतीवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेनं आहे का बघा. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हजवळ येईल असं बसवतात, कारण ती बाजू हलकी असते.

मग बॅलन्सिंग. चारचाकीला ते न मागता करतात, दुचाकीला मागूनही टाळाटाळ होते. मशीनवर करून देणारं दुकान मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर चाक काढा, एक्सल दोन टेकूंवर आडवा ठेवा आणि चाक मोकळं सोडा. जड बाजू आपोआप खाली येऊन थांबते. तिच्या बरोबर समोर चिकटवायचं वजन लावत जा. चाक कुठेही थांबवलं तरी तिथेच राहिलं की झालं. बेअरिंग अडखळत असेल तर ही पद्धत फसवते, म्हणून आधी ते तपासा.

आणि पुढे हौसेनं मोठ्या मापाचा टायर टाकला असेल तर आधी मूळ मापाचा टाकून बघा, मग पुढचं बोलू.

रिम आऊट आहे हे घरी कळेल का?

कळेल. गाडी डबल स्टँडवर घ्या, पुढचं चाक उचला, फोर्कच्या पायाला रबरबँडनं एक काडी बांधा आणि तिचं टोक रिमपासून केसभर लांब ठेवा. चाक हातानं फिरवा. आडवं किंवा उभं दोन मिलिमीटरहून जास्त डुलत असेल तर काम निघालं. बहुतेक कंपन्यांची मर्यादा तेवढीच आहे.

तारांच्या चाकात आधी तारा वाजवून बघा. सगळ्यांचा आवाज साधारण सारखा यायला हवा. एखादी मेल्यासारखी 'थड' वाजली तर ती सैल. मात्र एकच तार गच्च आवळली तर रिम त्या बाजूला ओढली जाते, म्हणून हे काम चाक स्टँडवर लावून थोडं थोडं करणाऱ्या माणसाकडेच द्या. कोल्हापुरात असे जुने हात अजून आहेत. अलॉय चाक वाकलं असेल तर मात्र ठोकून सरळ करून घेऊ नका. बाहेरून सरळ दिसतं, आत चीर गेलेली असू शकते.

चाकाचं बेअरिंग आणि कोनसेट, दोन्हींत खेळ सारखाच लागतो. ओळखायचं कसं?

पुढचं चाक उचललेलं असू दे. चाक वरून एका हातानं आणि खालून दुसऱ्या हातानं धरा आणि आडवं हलवा. चाक फोर्कच्या आत हलत असेल तर बेअरिंग. आता चाक सोडा, फोर्कचे दोन्ही पाय खालून धरा आणि पुढे-मागे खेचा-ढकला. दुसऱ्या माणसाला हँडलखाली, जिथे टी (फोर्कचे दोन्ही पाय धरणारा आडवा भाग) फ्रेमला मिळते तिथे बोट ठेवायला सांगा. बोटाखाली टकटक जाणवली तर कोनसेट. वर काहीच नाही पण पायातच खेळ लागतोय, तर फोर्कचे बुश (आतली घासणारी कडी) झिजलेत.

बेअरिंगबद्दल कोल्हापूर-शिरोळ पट्ट्यात एक जादा गोष्ट. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कितीतरी गाड्या दिवसच्या दिवस पंचगंगेच्या पाण्यात होत्या. इंजिन उघडून ऑइल बदललं गेलं, बॅटरी बदलली गेली, चाकाची बेअरिंगं आणि कोनसेट तसेच राहिले. पाणी शिरलेलं ग्रीस दुधाळ होतं, मग गंज चढतो आणि दोष पुष्कळ उशिरा बाहेर येतो. सेकंडहँड गाडी घेताना चाक हातानं फिरवून कान द्या. खरखर ऐकू आली तर बेअरिंगं बदलण्याचे पैसे किमतीतून कमी करून मागा.

पंक्चर काढल्यानंतर थरथर सुरू झाली असेल तर एक्सलवरचे कॉलर जागच्या जागी बसलेत का, मीटरचा गिअर नीट अडकलाय का आणि नट पुरता आवळलाय का, एवढं बघा. पुढे ड्रमब्रेक असेल तर ब्रेकप्लेटची खाच फोर्कवरच्या दांड्यात बसलीच पाहिजे. ती बसली नसेल तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरेल आणि चाक जाम होईल.

कोनसेट तपासायचा आणि बसवायचा कसा?

यावर थोडं सविस्तर सांगतो, कारण सर्वांत जास्त वाटोळं इथेच होतं.

चाक उचलून हँडल अगदी हलक्या हातानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. ते कुठेही न अडखळता फिरलं पाहिजे. बरोबर मध्ये, गाडी सरळ चालते त्या जागी, हँडल खाचेत बसल्यासारखं थांबत असेल तर रेसमध्ये (गोळ्या ज्यांवर फिरतात त्या कड्यांत) गोळ्यांचे खड्डे पडलेत. वर्षानुवर्षं सरळ रस्त्यावर खड्डे खाल्ले की गोळ्या त्याच त्या जागी आपटतात. अशा सेटला ग्रीस भरून किंवा आवळून काही होत नाही. वरचे-खालचे रेस आणि गोळ्या सगळा सेट एकदम बदलायचा. फक्त गोळ्या नव्या टाकून जुने रेस ठेवणं म्हणजे काम पुन्हा करायची तयारी.

जुने रेस काढताना छिन्नीनं आडवे-तिडवे ठोकले की फ्रेमच्या डोक्यातली बैठक खराब होते आणि नवे रेस तिरके बसतात. सारखं गोल फिरत ठोकून काढायचे, आणि नवे बसवताना योग्य मापाची रिंग लावून सरळ आत घालायचे. ग्रीस चांगलं बेअरिंग ग्रीस हवं, हात राखून नको.

आवळण्यातच खरं कसब आहे. रिंगनट आधी थोडा जास्त आवळून हँडल दोन्हीकडे काही वेळा फिरवायचं, म्हणजे गोळ्या बसतात. मग नट सैल करून बेताचा आवळायचा. वरचा मोठा नट आणि टी-चे बोल्ट आवळल्यावर खेळ पुन्हा तपासायचा, कारण वरचा नट आवळताना खालचा ताण बदलतो. परीक्षा सोपी: मध्यावरून एका बोटानं टिचकी मारली की हँडल आपल्या वजनानं डावीकडे पडलं पाहिजे, तसंच उजवीकडे. पडताना केबल किंवा वायरिंग अडवत असेल तर ते आधी मोकळं करा, नाहीतर कोनसेटला उगाच दोष जाईल. आणि पुढे-मागे खेचल्यावर टकटक शून्य.

टाइट केल्यावर थरथर गेली, पण आता गाडी रस्त्यावर सरळ राहत नाही. डुलत जाते.

जास्त आवळलाय. मोटरसायकल सरळ धावते ती हँडलच्या बारीक बारीक आपोआप होणाऱ्या दुरुस्त्यांवर. कोनसेट गच्च झाला की त्या होत नाहीत, मग तुम्हीच डावीकडे-उजवीकडे दुरुस्त करत राहता. सावकाश चालवताना, बिंदू चौकाच्या गर्दीत, हे सर्वांत जास्त जाणवतं. थरथर दाबून टाकायला कोनसेट आवळणं ही दुरुस्ती नव्हे. आणि अशा आवळण्यानं नव्या रेसमध्येही लवकर खड्डे पडतात.

ब्रेक मारल्यावरच हँडल थरथरतं, विशेषतः पन्हाळा किंवा जोतिबा उतरताना.

घाट उतरताना ब्रेक सतत धरून ठेवल्यानं डिस्क तापते आणि तिच्यावर पॅडचा थर असमान बसतो; शिवाय डिस्क वाकलेली असेल तर तेही तिथेच कळतं. डिस्कचं डुलणं साधारण ०.३ मिलिमीटरच्या पुढे गेलं की बदलावी लागते. ते डायल गेजवर मोजायचं, डोळ्यांनी नाही. ड्रम असेल तर तो अंडाकृती झालाय का बघा. उतरताना खालचा गिअर टाका, ब्रेक सोडून-सोडून धरा. कोनसेट सैल असला तरी ब्रेकला टकटक येते, म्हणून तो वर सांगितल्याप्रमाणे बघून घ्या.

गाडी पडली तेव्हापासून हँडल तिरकं आहे.

बहुतेक वेळा फोर्क टी-मध्ये पिळलेला असतो, वाकलेला नसतो. मडगार्डचे बोल्ट, एक्सल आणि खालच्या टी-चे बोल्ट सैल करा, पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ करा, पुढचा ब्रेक धरून फोर्क चारदोनदा दाबा आणि मग सगळं आवळा. तरीही तिरकंच, तर पाइप काढून सपाट काचेवर लोळवा. डुलला तर वाकलाय. उद्यमनगरात लेथ आणि प्रेस दोन्ही हाताशी आहेत, त्यामुळे "सरळ करून देतो" म्हणणारे भेटतील. पाइपला घडी पडली असेल किंवा क्रोम तडकलं असेल तर नम्रपणे नाही म्हणा.

फोर्क ऑइलचा यात काही संबंध?

आहे. ऑइल जुनं किंवा कमी असलं की चाक खड्ड्यानंतर उड्या मारत राहतं, टायरला खवले पडतात आणि मग थरथर येते. दोन्ही पायांत ऑइल सारखंच भरायचं. सील गळत असेल तर वेळ लावू नका; ते ऑइल डिस्कवर उतरतं.

एकट्यानं नीट चालते, दुधाचे कॅन लावले की पुढचं चाक हवेत असल्यासारखं वाटतं.

वाटत नाही, काही अंशी तसंच आहे. मागच्या एक्सलच्याही मागे लटकलेलं वजन पुढच्या चाकावरचा भार काढून घेतं, आणि हलकं पुढचं चाक डुलायला मोकळं होतं. कॅन शक्य तितके पुढे आणि खाली घ्या, दोन्ही बाजूंना सारखं वजन ठेवा, मागची हवा भारानुसार वाढवा आणि शॉकअपची सेटिंग कडक करा. कॅन सैल हलत असतील तर तेच डुलणं सुरू करतात. दोरीपेक्षा पक्की पकड हवी. अर्धा भरलेला कॅन, आत दूध हिंदकळत असल्यामुळे, पूर्ण भरलेल्यापेक्षा जास्त त्रास देतो. मोठी डिकी लावून फिरणाऱ्यांनाही हे सगळं तसंच्या तसं लागू.

हायवेला ऐंशी-नव्वदला हँडल शांत, पण अख्खी गाडी सापासारखी जाते.

हे डुलणं सावकाश असतं, सेकंदाला दोन ते चार हेलकावे. चिमट्याचा बुश झिजलाय का बघा: मागचं चाक उचलून चिमटा आडवा हलवा. मागचा टायर मध्ये चपटा झालाय का बघा. रोज एमआयडीसीला सरळ ये-जा करणाऱ्यांचा तो होतोच. मग मागचं चाक सरळ आहे का. चेन आवळताना दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवतात, पण खुणांवर आंधळा भरवसा नको. चिमट्याच्या पिव्होटपासून एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्हीकडे टेपनं मोजा. हँडलवर वारा अडवायला लावलेली मोठी काच किंवा पिशव्याही वाऱ्यानं हेच करतात. काढून एकदा चालवून बघा, फुकटात उत्तर मिळेल.

कधी कधी गाडीत काहीच सापडत नाही.

मग रस्ता. सातारा-कागल सहापदरीकरणासारख्या कामात डांबराचे दोन थर लांबीच्या दिशेनं वर-खाली असतात, आणि खरवडलेल्या पट्ट्यावर चाक आपोआप रेघा पकडतं. त्याच गाडीचं हँडल दुसऱ्या रस्त्यावर शांत असेल तर पैसे घालवू नका.

चालत्या गाडीत हँडल जोरात फडफडायला लागलं तर?

पुढचा ब्रेक दाबू नका. हँडल करकचून धरू नका, हातांचा ताठरपणा थरथर वाढवतो. गुडघ्यांनी टाकी घट्ट पकडा, अंग थोडं पुढे घ्या, थ्रॉटल हळूहळू कमी करा आणि वेग आपोआप उतरू द्या. लागलाच तर मागचा ब्रेक, तोही हलका. थ्रॉटल एकदम सोडू नका, कारण त्यानं वजन झटक्यात पुढच्या चाकावर येतं. वेग वाढवून त्यातून बाहेर पडायची युक्ती सांगणारे भेटतील, त्यांना रस्ता किती उरलाय ते विचारा.

हात सोडून चालवून बघितलं तरच खरं कळतं म्हणतात.

कळतं, आणि दातही पडतात. हात सैल ठेवले तरी तेवढंच कळतं.

स्टीअरिंग डँपर लावला तर विषय संपेल का?

नाही. तो धक्का गिळतो, सैल कोनसेट किंवा फुगलेला टायर दुरुस्त करत नाही. गावातल्या गाडीला त्याची गरज नाही.

मग मेस्त्रींना नेमकं काय सांगायचं?

"मेस्त्री, पंचावन्न ते पासष्टला थरथरतंय, ब्रेकला नाही, मागं कोण बसलं की जास्त. हवा बघितलीय, टायर मागच्या पावसाळ्यात बदललाय." एवढं सांगितलं की चांगला मेस्त्री स्वतःच आधी चाक फिरवून बघतो. गाडी परत घेताना काय बदललं ते विचारा, जुने भाग दाखवायला सांगा, आणि पैसे देण्याआधी मेस्त्रींना मागं बसवून त्याच वेगाला, त्याच रस्त्यावर एक चक्कर मारून या.